पाचवा गडी

फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या उकाड्यात लिवायचा पाय हलायचा थांबेना. मोबाइलवरच्या खेळाला पाच जण लागतात, पाचवा आलाच नव्हता. "मी येऊ?" ओसरीतून पापांनी विचारलं. त्यांच्या गळ्यात जहाजाच्या नोकरीत परदेशी बंदरातून आणलेला हेडफोन होता. "नको हं!" गटातला चीतो फोनमधून ओरडला. "गेल्या वेळी तुझ्या पापांनी बुडवलं आपल्याला. त्यापेक्षा अनोळखी परवडला. दाब अनोळखी गडी घ्यायचं बटण!" लिवायनं मान फिरवली. पापांनी आपला मोबाइल उघडला. "दाबते. एक, दोन, तीन!" लिवाय म्हणाली. रिकाम्या जागी कुणीतरी अनोळखी आला. न बोलता खेळला. लिवाय कोंडीत सापडली की पुढं येऊन तिच्यावरचे वार झेलायचा. ते जिंकले. "सोडू नकोस त्याला!" चीतो किंचाळला. "आपल्या गटातच घेऊ. विचार, रोज येशील का?" तिनं लिहून विचारलं. ओसरीत हेडफोन ठेवल्याचा आवाज झाला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: "उद्या जहाज सुटतंय, बाळा."