मुकुंदरावांचं संथ गाणं

"जरा हळू लाव ना रे," मुकुंदराव म्हणाले. पुतणीच्या हळदीत डीजेने त्यांचंच जुनं प्रेमगीत लावलं होतं. डीजेने आवाज कमी केला. लय तशीच धावत राहिली.

हे गाणं त्यांनी गिटारवर बांधलं, तेव्हा त्यांची बायको ऊर्मिला दम्याने अंथरुणाला खिळली होती. तिला सोबत गाता यावं, मध्ये श्वास घेता यावा, म्हणून त्यांनी लय अगदी संथ ठेवली. ती गेल्यावर गाणं गाजलं. एका गायिकेने ते जलद लयीत गायलं, मग कुणा बँडने त्यात ड्रम घातले.

"काका, तुमचंच गाणं! चला!" हळदीने माखलेल्या पुतणीने त्यांचा हात ओढला. तिचा आनंद बघून त्यांना नाही म्हणवेना. ते उठले आणि टाळ्यांच्या गजरात नाचू लागले.