कापलेला आवाज

लॅपटॉपवरची फिल्म संपली तशी गुलालई मुकुंदकडे वळली. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या या बाईने होकार दिल्याशिवाय ती फिल्म संस्थेच्या देणगीदारांना दाखवायची नाही, हा मुकुंदच्या बायकोने मुलाखत घेताना घालून दिलेला नियम होता.

“रडणं काढलंय,” मुकुंद म्हणाला. “मुलांचे चेहरेही.”

“आणि दीदी कुठे आहेत?” मुकुंदच्या बायकोला ती दीदी म्हणायची.

“ती गेली. मार्चमध्ये.”

“ते कळलं मला, भाईसाब. या फिल्ममधून कुठे गेल्या? मी काय भिंतीशी बोलत होते?”

विचारणाऱ्याचा आवाज कापायचीच पद्धत असते, हे त्याने समजावलं. ते खरंही होतं. तो आवाज आपल्याला ऐकवत नाही, एवढं मात्र त्याने सांगितलं नाही.

“मग माझा नकार लिहून घ्या. नवऱ्याचं मरण मी दीदींना सांगितलं होतं, परक्यांना नाही.”

मुकुंदने मूळ चित्रण उघडलं, कापलेला पहिला तुकडा जागेवर बसवला आणि फिल्म सुरू केली.

“नको वाटलं तर सांगू नकोस हं,” फिल्ममधून त्याच्या बायकोचा आवाज आला. “आपण नुसत्याच बसू.”

“आता दाखवा लोकांना,” गुलालई म्हणाली.

मुकुंदने मान डोलावली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.