प्रश्न बाद

रेकॉर्डिंगला पाच मिनिटं उरली असताना प्रश्न काढणाऱ्या नम्रताने एक जुनं पिवळं कार्ड सूत्रसंचालक दिग्विजयच्या गठ्ठ्यात सरकवलं. विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, हा ‘अचूक’ या प्रश्नमंजुषेचा नियम. तेवीस वर्षांपूर्वी तो तिनेच लिहिला होता. आज मोडला तरी विचारणारं कोणी नव्हतं. हा शेवटचा भाग. पुढच्या आठवड्यापासून या वेळेला चॅनेलवर राशिभविष्य सांगणार होते.

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत धायरीचे हिंदुराव बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. बारा वर्षांपूर्वी ते समोरच्या स्पर्धकाच्या खुर्चीत होते. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात, त्याला काय म्हणतात? त्यांनी ‘धाव’ म्हटलं. कार्डावर ‘थारोळं’ होतं. बझर वाजला. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ती जागा, हे सदाशिव पेठेत वाढलेल्या नम्रताला नंतर त्यांच्या पत्रावरून कळलं. प्रत्येक उत्तराला दोन पुस्तकांचा आधार हवा, अशी शिस्त होती. त्या कार्डावर आधाराची दुसरी ओळ कोरी राहिली होती. चूक जाहीर करू या, असं ती तेव्हापासून म्हणत होती. “शुद्धिपत्रक? टीव्हीवर?” असं निर्माता अभिनव तेव्हापासून विचारत होता.

आता तिने ‘थारोळं’ खोडून ‘धाव’ लिहिलं होतं.

“तुम्ही फक्त बसून राहा हं,” ती हिंदुरावांना म्हणाली. “आजच्या खेळणाऱ्यांना काही येणार नाही. मग दिग्विजय उत्तर वाचेल आणि तुमचं नाव घेईल. खाली लिहून ठेवलंय मी.”

“गावात आजून थारोळं म्हणत्यात मला,” हिंदुराव म्हणाले. “नातीला बी. थारोळ्याची नात.”

“आजपासून बंद होईल.”

“तुमचा कार्यक्रम बी बंद, आन् त्ये बी.”

खेळायला एका मालिकेतली सासू आणि सून आल्या होत्या. पूर्वी मास्तर यायचे, पोस्टातले लोक यायचे, एका कंडक्टरने तर ओळीने तीन भाग जिंकले होते. सुनेला पहिला प्रश्न तिच्याच मालिकेवर विचारला. तोही चुकला.

मग दिग्विजयने पिवळं कार्ड उचललं.

“मोट की मोटर?” सून म्हणाली.

“मोट, मॅडम. विहिरीतून पाणी काढायची.”

“ओके. म्हणजे उतार... रॅम्प?”

लोक हसले. घड्याळ चालूच होतं. हिंदुराव मान खाली घालून बसले होते. तीन सेकंद उरले आणि त्यांचे ओठ हलले. ते ओरडले नाहीत, शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं. पण टाळ्या टिपायला पहिल्या रांगेवर माइक टांगलेला होता.

“धाव,” स्टुडिओभर ऐकू आलं.

वरच्या काचेच्या खोलीतून अभिनव बोलला. “प्रेक्षकांतून उत्तर आलं. प्रश्न बाद. एडिटमध्ये काढा. पुढचा घ्या.”

हाही नियम नम्रतानेच लिहिलेला.

ती जिना चढून वर गेली. “अभिनव, नुसतं उत्तर वाचू दे ना.”

“तेवीस वर्षं नियम नियम करून डोकं खाल्लंस,” तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. “शेवटच्या दिवशी तरी पाळू दे की.”

भाग संपला. मंचावर केक आला. त्यावर ‘अचुक’ लिहिलं होतं, ऱ्हस्व. कोणाच्या लक्षात आलं नाही. नम्रताने सवयीने पेन काढलं, पण ते केकसाठी नव्हतं. गठ्ठ्यातून पिवळं कार्ड घेऊन ती हिंदुरावांजवळ जाऊन बसली. आधाराच्या कोऱ्या दुसऱ्या ओळीवर तिने लिहिलं: हिंदुराव, धायरी. आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“बरूबर हाय,” म्हणाले. “आता दावू कुनाला?”



“कोणी उठू नका, प्लीज,” फ्लोअर मॅनेजर म्हणाला. “जास्तीच्या टाळ्या घ्यायच्यात. कुठेही जोडायला बऱ्या पडतात.”

लाल दिवा लागला. सगळे टाळ्या वाजवू लागले. हिंदुरावांनी कार्ड काखेत धरलं, आणि त्यांनीही वाजवल्या.