हिरवं पान

शिंप्याने मोबाइलवर किराण्याचं दुकान उघडलं आणि बायकोच्या पलंगाच्या कडेला बसत विचारलं, “हं, बोल. काय काय मागवू?”

सकाळी दवाखान्यात तिला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलले होते. “आता पथ्यबिथ्य राहू द्या. त्या मागतील ते द्या.” एवढंच. पुढचं त्याने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. न विचारताच कळलं. येताना बायकोला मात्र तो म्हणाला होता, “सुधारणा आहे म्हणाले.” तिला ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्याने दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं होतं.

“नेहमीचंच मागवा,” ती म्हणाली.

“नेहमीचं काय मेलं! तुला काय खावंसं वाटतंय ते सांग.”

तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सहज म्हणाली, “लोणी.”

त्याने लोणी घेतलं. लगेच पडद्यावर हिरवं पान उगवलं. हे दुकान मोठं शहाणं होतं. गोड, तळकट, तुपकट, काहीही टोपलीत टाकलं की कोपऱ्यात पान हलायचं आणि खाली अक्षरं यायची, ‘याऐवजी तब्येतीला बरं असं काही घ्याल?’ पानावर बोट टेकलं की लोण्याच्या जागी कमी चरबीचं, बेचव, पांढरं काहीतरी येऊन बसायचं. शिंप्याचा त्या पानावर देवापेक्षा जास्त विश्वास. बायकोला दुखणं लागल्यापासून तिची एकही वस्तू त्याने पानाच्या तावडीतून सुटू दिली नव्हती. दर आठवड्याला याच पलंगावर दोघांची जुंपायची. “चुलीत घाला तुमचं ते पान,” ती म्हणायची. “पान आहे म्हणून तू आहेस,” तो म्हणायचा.

आज त्याने पान बाजूला सारलं. “घेतलं लोणी. पुढे?”

“आइस्क्रीम.”

पान आलं. त्याने ते सारलं. “मोठा डबाच घेतो.”

“चॉकलेट.”

“घेऊ की. दोन घेऊ.”

एकेक वस्तू टोपलीत पडत होती तसं त्याला बरं वाटायला लागलं. आयुष्यभर हात आखडता घेतला, आता तरी मोकळा सोडू, असं काहीसं. आणि बरं वाटल्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

पुढचं नाव येईना म्हणून त्याने मान वर केली. बायको पडद्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या बोटाकडे पाहत होती. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई ती. तोंडाला त्याने कुलूप घातलं होतं, बोटाला घालायचं राहून गेलं.

खिडकीशी मशीनवर तिचा निळा झगा पडला होता. कालच त्याने तो दोन्ही बाजूंनी पुन्हा आत घेतला होता. कापायला हात धजत नव्हता, त्यामुळे शिलाईच्या आत जास्तीचं कापड साठत चाललं होतं.

“अहो,” ती म्हणाली.

“हं.”

“मी लोणी म्हटलं ना?”

“म्हटलंस की. घेतलंय.”

“घेतलंय काय? भांडा ना माझ्याशी.” तिचा आवाज चिरकला. “दर वेळी भांडता तसे भांडा. तुम्ही असे गोड वागलात की मला भीती वाटते हो.”

शिंप्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात पडदा मिटून काळा झाला होता. त्याने तो उजळला. टोपलीत लोणी तसंच होतं आणि त्याच्या कोपऱ्यात सारलेलं पान पुन्हा हलत होतं. त्याने पानावर बोट टेकलं. लोणी गेलं, ते पांढरं काहीतरी आलं.

“लोणी मिळणार नाही,” तो म्हणाला. आवाज हवा तसा चढेना. त्याने घसा खाकरला. “अजिबात मिळणार नाही! फुगशील. मग ते सगळे झगे उसवत कोण बसणार? मी?”

बायकोने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“आता आइस्क्रीमवरून बोला,” ती म्हणाली.