चाळीस मिनिटं

"कानामागून आली आणि तिखट झाली," गिरणीच्या पिंपाला कान लावून मिस्त्री पुटपुटला. रोख कोपऱ्यातल्या नव्या भट्टीवर होता. गिरणी चालू असूनही त्याचं पुटपुटणं शेडभर ऐकू गेलं.

भट्टी म्हणजे स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हची थोरली बहीण. खनिजाचा दगड तिच्यात थोडा वेळ ठेवला की त्यातले धातूचे कण तापतात, बाकीचा दगड गारच राहतो. या ओढाताणीत त्याला आतून तडे जातात. वरून काही दिसत नाही. पण असा दगड दळायला निम्मी वीज पुरेल, असं मिस्त्रीच्या मुलीचं म्हणणं होतं. ती इथे इंजिनिअर होती आणि भट्टी तिनेच आणवली होती. आजची तिसरी चाचणी शेवटची. फसली तर भट्टी परत जाणार, आणि तिच्यामागोमाग मुलगीही.

गिरणी कधी थांबवायची ते मिस्त्री ठरवायचा. दळण होत आलं की पिंपातल्या लोखंडी गोळ्यांचा आवाज बदलतो. तो ओळखणारा कान इथे एकच, असं तीस वर्षं सगळे मानत आले होते. साहेब स्वतः त्याच्या हाताखाली शिकलेले.

मिस्त्रीचा कान पिंपाला होता, डोळे समोरच्या भिंतीला. भिंतीवर घड्याळाखेरीज काही नव्हतं. त्याने हात वर केला. गिरणी थांबली.

चाळीस मिनिटं. कच्च्या दगडाला चाळीस, भाजलेल्यालाही चाळीस. तिन्ही वेळा.

साहेबांनी चाळणी हलवली. वर कणसुद्धा उरला नाही. "हे दळण नव्हे, तोंडाला लावायची पावडर झालीय," ते म्हणाले. "आणि मीटर बघावं तर तेवढंच."

"थांबवायला जरा उशीर झाला असेल," चाळणीवरची बाई म्हणाली आणि लगेच आपल्या चपलांकडे बघू लागली.

उशीर का झाला, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रीच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.

साहेबांनी अहवालाचा कागद मुलीपुढे सरकवला. "कारण लिही. काहीतरी लिही."

मुलीने बापाकडे पाहिलं. ती त्याच्याशी नेहमी समोर उभी राहून, सावकाश बोलायची. लोक म्हणायचे, संस्कार. आता मात्र तिने खाली वाकून लिहिलं : 'या दगडाला भट्टी मानवत नाही.'

मिस्त्री तिच्या खांद्यावरून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या खिशाला लावलं.

शेडमध्ये आता भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. मिस्त्री मात्र गिरणी चालू असल्यासारखाच ओरडला :

"दगडाला कशाला नावं ठेवतेस, पोरी? मला पाच वर्षं झाली ऐकू येत नाही. मी घड्याळ बघून हात वर करतो."