एका दिवसाचा टॅक्स
बेसबॉल खेळणारे माझ्याकडे टॅक्स भरायला येतात ते भांडायच्या तयारीनेच. ज्या राज्यात मॅच, तिथलाही टॅक्स भरावा लागतो, हे शॉमबर्गमधल्या माझ्या ऑफिसात मी तीस वर्षं समजावतेय. नीलला मात्र कसं सांगावं कळेना. नऊ वर्षं छोट्या लीगमध्ये बॉल टाकून त्याचा खांदा गेला, आणि या वर्षी त्याने खेळणं सोडलं. गेल्या मे महिन्यात मोठ्या लीगच्या टीमने त्याला एका मॅचपुरतं पेनसिल्व्हेनियाला बोलावलं, बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. एकही बॉल टाकला नाही, म्हणून लीगच्या रेकॉर्डमध्ये त्याचं नावसुद्धा आलं नाही. “त्या दिवसाचे सव्वाशे डॉलर भरावे लागतील,” मी एकदाचं सांगून टाकलं. “पण काकू, मी खेळलो कुठे?” “युनिफॉर्म घालून हजर होतास ना? मग तो कामाचा दिवस.” त्याने फॉर्म पुढे ओढला. मोठ्या टीमचं नाव, शेजारी त्याचं नाव, खाली कामाचे दिवस: एक. त्या आकड्यावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. “हे ऑफिशियल आहे ना?” “अगदी सरकारी. ऑनलाइन पाठवून देते.” “नको ना काकू, कागदावरच पाठवू. आणि एक कॉपी मला.” मग त्याने माझं पेन घेतलं आणि चाहत्याच्या बॉलवर ऑटोग्राफ द्यावा तशी ऐसपैस सही केली.