मायचं नाव

रविवारच्या वर्गात पदवीच्या इंग्रजीचा उतारा वाचताना अंगणवाडीसेविका रत्नाचं बोट थबकलं. जात्यावरच्या एका खानदेशी ओवीचं ते भाषांतर होतं: ‘बांधाच्या निंबाखाली निजली रत्ना झोळीत, वाऱ्या, हळू चाल.’ हे तर मायचं गाणं! पूर्वी ओव्या गोळा करायला टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्या बाईंना मायनं दिवसभर ओव्या गाऊन दाखवल्या होत्या. ‘ओवी कोणी रचली?’ या प्रश्नाखाली रत्नानं लिहिलं, ‘कुंदाबाई, माझी आई.’ सर हसले. “अक्का, उताऱ्यात ‘अननोन’ छापलंय, म्हणजे अज्ञात. तेच लिहा. इंग्रजीत दोनदा आपटलात. बढती हवी ना?” रत्नानं मायचं नाव खोडलं. घरी मायनं विचारलं, “काय शिकनी आज?” “तुनं गानं, माय. पुस्तकमा छापेल शे.” “मनं नाव शे का त्यामा?” “शे ना,” रत्नानं होकारार्थी मान हलवली. “दखाड,” म्हणत मायनं पुस्तक पुढ्यात ओढलं. रत्नानं ‘अननोन’वर बोट ठेवलं. मायनं त्या अक्षरांवरून हात फिरवून कपाळाला लावला.